कुंचीतलं घामोळं

घामोळ्यांवर औषध सांगायला कोल्हापुरात डॉक्टर लागत नाही. पोराच्या मानेवर चार लाल पुटकुळ्या दिसायचा अवकाश, शेजारीण मुलतानी माती घेऊन हजर होते, भाजीवाली कडुलिंबाचा पाला सुचवते आणि रिक्षावाला मागं वळून वळून सांगतो, आमच्या पोराला बर्फ चोळला, दुसऱ्या दिवशी साफ. विठाबाईला ही सगळी औषधं पाठ होती. एकतीस वर्षं ती बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालत आली होती, आधी पेठेत आणि आता कळंब्याच्या अंगाला झालेल्या नव्या वसाहतींत. तिच्या नडग्यांवर पालथी पडून आंघोळ केलेली पोरं आज बँकेत होती, पोलिसांत होती, आणि मिशा फुटलेला एखादा रस्त्यात तिला बघून मान खाली घालायचा. घामोळ्यांना ती मोजायचीच नाही. उन्हाळा आला की येतात, वळीव पडला की जातात, इतका साधा हिशेब.

पण त्या वैशाखात दोन महिन्यांच्या एका पोरीच्या घामोळ्यांनी तिला हात टेकायला लावले.

पोरीचं नाव प्रियदर्शनी. घर कळंब्याच्या तलावापासून चार मिनिटांवर, खाली दुकान आणि वर स्लॅबचं बिऱ्हाड. दुपारी त्या स्लॅबवर पापड वाळत नसत, भाजत. घरात तिघं मोठी माणसं. पोरीचा बाप धैर्यशील, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा, कमी बोलणारा. त्याची आई आक्का, जी त्याच्या वाटचंही बोलायची. आणि पोरीची आई संयोगिता. तिचं माहेर मलकापूरचं, पण आई लहानपणीच गेलेली, तिथं करणारं कुणी नव्हतं. म्हणून तिची दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली आणि दोन्ही विठाबाईनंच केली.

दोन्ही म्हणजे, या पोरीच्या आधी तीन वर्षांपूर्वी एक मुलगा झाला होता. बाराव्या दिवशी त्याचं नाव आदर्श ठेवलं. पंचविसाव्या दिवशी तो गेला.

आता पोरीची खोली कशी होती ते सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन खिडक्या, दोन्ही बंद, वर जाड पडदे. दाराच्या फटीला खालून चादर गुंडाळून लावलेली. डोक्यावर पंखा होता, पण त्याच्या पात्यांवर बोटभर धूळ साचली होती आणि भिंतीवरच्या बटणावर तपकिरी चिकटपट्टीचे दोन थर मारले होते, कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. बाहेर अडतीस-एकोणचाळीसचं ऊन, आणि आत पोरगी दुपट्यात. दुपटं सोडलं की कुंची, कुंचीखाली टोपडं, अंगात दोन झबली, पायांत लोकरीचे मोजे.

विठाबाई रोज सकाळी साडेनऊला यायची आणि कांदा सोलावा तशी पोरगी सोलायची. प्रत्येक कपडा ओला निघायचा. मानेच्या वळ्यांत पावडरचा घामात भिजून लगदा झालेला असायचा, आणि तो हळू पुसला की खालून लालभडक कातडी दिसायची. पाठ, काखा, जांघा, कानामागं, सगळीकडं बारीक मोहरीएवढ्या पुटकुळ्या.

"वैनीसाब, पावडर नको म्हणालत्या की डॉक्टरीणबाई."

"थोडीच लावली, मावशी. ओल राहिली तर गारठा बसंल."

"वैशाखात कुठला गारठा आणालाईसा? निदान कुंची तरी काढूया की. उकडालंय तिला."

संयोगिता हसायची. ते हसू बघून विठाबाई पुढचा कपडा सोडायला लागायची. संयोगिता अडाणी नव्हती, बी.कॉम. झालेली होती. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं ते तिनं वहीत लिहून आणलं होतं. एकच सुती झबलं घाला, तेल-पावडर बंद, कोमट पाण्यानं अंग पुसा, खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा, वारं अंगावर फिरू द्या, दुसरं औषध लागणार नाही. वही उशाशी होती. तिचं पान विठाबाईनंही बघितलं होतं, अक्षर सुरेख होतं. पण घरी आली की संयोगिता पोरीला पुन्हा गुंडाळायची, आणि दर पाच मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची.

आक्कानं एकदा खिडकी उघडून बघितली होती. "त्या दिवसापासनं तीन दिवस जेवली न्हाय बघ," ती विठाबाईला स्वयंपाकघरात म्हणाली. "रडली न्हाय, भांडली न्हाय. नुसतं ताट सरकवलं. आता कोण तिच्या वाटंला जाणार?"

आदर्श गेला तेव्हा याच आक्कानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, पंख्याचं वारं बाधलं. वाईट मनानं नव्हे, माणूस गेलं की काहीतरी बोललंच पाहिजे म्हणून. रंगपंचमीच्या आदल्या दुपारी उकडतंय म्हणून संयोगितानं पंखा लावला होता आणि बाळाशेजारी तिचा डोळा लागला होता. चौथ्या दिवशी बाळाची छाती भात्यासारखी उडायला लागली. दवाखान्यात न्युमोनिया म्हणून सांगितलं. दोन दिवसांत सगळं आटोपलं. न्युमोनिया म्हणजे गारठा, गारठा म्हणजे पंखा, आणि पंख्याचं बटण दाबलं कुणी, तर संयोगितानं. घरात कुणीही तिला बोल लावला नाही. तिनं तो स्वतःच उचलून घेतला.

आणि या सगळ्यात खरं काय ते जगात एकट्या विठाबाईला ठाऊक होतं.

त्या दिवसांत बाळाचं नाक चोंदलं होतं. आंघोळीनंतर नाकात तेलाचे दोन-दोन थेंब सोडायचे ही रीतच होती, तिच्या सासूनं तिला तशीच शिकवली होती, आणि ज्या घरात तेल घातलं नाही तिथं बाई कामचुकार आहे असं म्हणत. नाक चोंदलंय तर जरा जास्त घालावं, इतकाच तिनं विचार केला. दोन्ही नाकपुड्या भरल्या आणि वरून जोरात फुंकर मारली. पोर धसकलं, काळंनिळं झालं, घशातून खळखळ असा आवाज आला, मग जोरात रडलं. "झालं मोकळं!" असं ती आक्काला कौतुकानं म्हणाली होती. तिला तो शब्द न् शब्द आठवत होता.

तो गेल्यावरही तिला काही कळलं नाही. तीही पंख्यालाच नावं ठेवत होती. पुढच्या वर्षी श्रावणात आरोग्य केंद्राच्या बायांनी पेठेतल्या सगळ्या न्हाऊ घालणाऱ्यांना समाजमंदिरात बोलावलं. चहा आणि पोहे होते, म्हणून झाडून सगळ्या गेल्या. एका तरण्या नर्सनं ओला स्पंज घेतला, त्यावर चमचाभर गोडेतेल ओतलं आणि समोर बसलेल्या विठाबाईलाच उठवून म्हणाली, "मावशी, काढा बरं हे तेल बाहेर." विठाबाईनं पिळला. पाणी निघालं, तेल निघेना. पुन्हा पिळला. बायका हसायला लागल्या. मग नर्स म्हणाली, बाळाचं फुप्फुस असंच असतं, नाकात घातलेलं तेल आत उतरलं की ते धुऊन निघत नाही, त्यानं न्युमोनिया होतो आणि बाळं दगावतात. विठाबाई स्पंज हातात घेऊन उभीच राहिली. शेजारणीनं पदर ओढला तेव्हा ती खाली बसली.

त्यानंतर तिनं एकाही बाळाच्या नाकात तेल घातलं नाही. तोंडातून मात्र अवाक्षर काढलं नाही. काम जाईल ही भीती होती, खोटं कशाला सांगा. पण त्याहून मोठी भीती संयोगिताच्या तोंडाची होती. ते तोंड आपल्याकडं वळून बघेल तेव्हा कसं दिसेल, हेच तिला बघायचं नव्हतं. म्हणून तिनं त्या गल्लीतून जाणंच सोडलं होतं. आणि यंदा फाल्गुनात संयोगिता दिवस भरत आलेले असताना स्वतः जिने चढून तिच्या दारात आली. "मावशी, तुमीच पायजे. त्याला तुमी बघितलंयसा."

का पाहिजे ते पहिल्याच आठवड्यात कळलं. पोरगी विठाबाईच्या पायांवर असली की संयोगिता न्हाणीच्या उंबऱ्यावर येऊन बसायची आणि विचारायची.

"मावशी, त्याचं केस हिच्यापेक्षा दाट हुतं न्हवं?"

"व्हय. दाट हुतं."

"आन् पाणी घातलं की मुठी आवळायचा?"

"आवळायचा की."

"कुणी त्याचं नावच घेत न्हाय हो घरात. तुमच्याजवळच बोलता येतंय."

विठाबाई उत्तरं द्यायची आणि पाणी ओतायची. पाण्याच्या आवाजात तिला ती खळखळ ऐकू यायची. पायांवर पोरगी असायची, पण कधीकधी वजन फसवायचं. हिचं वजन चार किलोच्या वर होतं, आणि तरी मधेच पायांवर काहीतरी हलकं, पंचवीस दिवसांचं पडून आहे असं तिला वाटायचं. ती दचकून खाली बघायची. एकदा तर तिनं पोरीला "आदर्शा" म्हणून हाक मारली. संयोगितानं ते ऐकलं, आणि रागवायच्या ऐवजी तिचे डोळे भरून आले, खुशीनं. विठाबाईला त्या रात्री भाकरी गेली नाही.

घामोळी रोज वाढत होती. विठाबाईनं पाला उकळून गार केलेलं पाणी वापरलं, अंग चोळायचं सोडून नुसतं टिपायला लागली, डाळीचं पीठ बंद केलं, धुरी तर कधीच बंद केली होती. आंघोळ झाली की अर्धा तास पोरीच्या अंगाची आग कमी व्हायची. मग कुंची चढायची. रोगाचं औषध खोलीत छताला टांगलेलं होतं, त्याच्या बटणावर चिकटपट्टी होती आणि ती चिकटपट्टी कुणी लावायला लावली हे विठाबाईला पक्कं माहीत होतं. लावली संयोगितानं, लावायला लावली विठाबाईच्या गप्प बसण्यानं. रोज घरी जाताना ती ठरवायची, उद्या सांगायचं. रोज सकाळी जिना चढताना ते ठरवणं गळून पडायचं. माणूस असं किती दिवस करू शकतं? पुष्कळ दिवस करू शकतं. तिनं दोन महिने केलं.

मग तो गुरुवार आला. त्या दिवशी मानेच्या वळीत पिवळी तोंडं दिसली. पुटकुळ्यांत पू झाला होता, तीन-चार तर बोरीच्या बीएवढ्या फुगल्या होत्या. अंग तापलं होतं. आणि विठाबाईनं पहिला तांब्या ओतला तरी पोरगी रडली नाही.

तिनं दुसरा तांब्या ओतला. पोरीनं डोळे अर्धवट उघडले आणि मिटले. हात सैल सुटले होते.

जे पोर आंघोळीला रडत नाही त्याची विठाबाईला धास्ती वाटायची. आदर्शही त्याच्या शेवटच्या आंघोळीला रडला नव्हता. तिनं पोरीला ओल्या अंगानंच उचललं आणि तडक खोलीत नेलं. मागून संयोगिता धावली, "अवो, पुसा आधी! पुसा! वारं लागंल!" म्हणत दुपटं घेऊन.

"ते दुपटं खाली टाका," विठाबाई म्हणाली. "पंखा लावा."

"काय?"

"पंखा लावा म्हणते की! पोरगी भाजालीया आतल्या आत. दिसंना व्हय तुमास्नी?"

आक्का दारात येऊन थबकली. संयोगिताचा चेहरा पांढरा पडला होता. "मावशी, तुमी तरी असं बोलू नका. तुमी हुतासा की तवा. त्या दुपारी मी पंखा लावला नसता तर..."

"पंख्यानं न्हाय गेला त्यो."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा विठाबाईलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं. पण आता मागं फिरायला वाट नव्हती, आणि हातातली पोरगी तव्यासारखी तापली होती.

"त्याच्या नाकात मी तेल घातलं हुतं. नाक चोंदलं म्हणून जास्ती घातलं. वरनं फुंकर मारली. ते तेल छातीत उतरलं आन् त्येनं न्युमोनिया झाला. पंख्यानं न्हाय. तुमी कायबी केलं न्हाईसा, वैनीसाब. जे केलं ते मी केलं."

आक्कानं चौकट धरली, कारण "नाकात तेल घाल गं, चोंदलंय" हे शब्द तिचे होते आणि तिला ते तत्क्षणी आठवले. संयोगिता विठाबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. ज्या नजरेला विठाबाई एवढी भ्यायली होती ती हीच. पण तिच्यात राग नव्हता. कोड्यात पडल्यासारखी ती नजर तिच्या तोंडावरून हातांवर गेली, हातांवरून पोरीवर, आणि मग ती वळली.

चिकटपट्टी जुनी होती, नखानं निघेना. संयोगितानं दातानं तिचं टोक उचकटलं आणि ओढली. रंगाचा पोपडाही सोबत आला. तिनं बटण दाबलं. पंखा कुरकुरला, धुळीचे झुबके खाली आले, आक्कानं पुढं होऊन पदरानं पोरीचं तोंड झाकलं, आणि मग वारं आलं. संयोगितानं पडदे ओढले, खिडक्या उघडल्या, पोरीला नुसत्या लंगोटावर पोटाशी घेतलं आणि पाजायला बसली. पोरगी आधी चोखेना. ओलं फडकं तिच्या पाठीवरून फिरवत संयोगिता एकसारखी "घे, घे गं माझी बाय" म्हणत होती. पाच-सात मिनिटांनी पोरीनं तोंड लावलं. एवढ्या वेळात आक्कानं धैर्यशीलला खालून बोलावलं आणि तो संयोगिताला आणि पोरीला गाडीत घालून डॉक्टरीणबाईंकडं गेला.

विठाबाईला कुणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. आक्कानं येऊन चहाचा कप शेजारी ठेवला आणि आत गेली. कपावर साय धरली.

चारच्या सुमाराला गाडी आली. पोरगी बापाच्या खांद्यावर होती, अंगात एकच पातळ झबलं, मानेला मलम. धैर्यशील तिला घेऊन आत गेला. विठाबाईकडं त्यानं बघितलं नाही. संयोगिता मात्र पायरीपाशी थांबली.

"पू काढला," ती म्हणाली. "पाच दिवसाचं औषध दिलंय. एक दिवस उशीर झाला असता तर ॲडमिट करायला लागलं असतं म्हणाल्या. मोकळी ठेवा, हवेत ठेवा, आठवड्यात कातडी नीट हुईल."

"देवानं ऐकलं," विठाबाई म्हणाली.

"मी त्याचंबी विचारलं. म्हणाल्या, आता तीन वर्सांनी खात्रीनं सांगता येणार न्हाय. तेलानं असं हुतंय, बरीच बाळं दवाखान्यात येत्यात. पंख्यानं मात्र न्युमोनिया हुत न्हाय म्हणाल्या. कवाच हुत न्हाय." तिनं सायीचा कप उचलून बाजूला ठेवला. "मावशी, तुमास्नी हे कवा कळलं?"

विठाबाईला खोटं बोलता आलं असतं. परवा कळलं, कुणीतरी सांगितलं, मोबाइलवर बघितलं, काहीही चाललं असतं, कारण विचारणारीला विश्वास ठेवायचाच होता. तिच्या आवाजात ते कळत होतं.

"श्रावणात दोन वर्सं हुतील," विठाबाई म्हणाली.

संयोगितानं हिशेब केला. तिचे ओठ हलले.

"त्या दिवाळीत माझ्या नणंदेच्या पोराचं बारसं झालं," ती सावकाश म्हणाली. "तिनं पोर माझ्या मांडीवर द्यायला आणलं. मी हात मागं घेतलं. माझ्या हातानं पोरं जगत न्हाईत म्हणून सांगितलं तिला. सगळ्या बायकांसमोर. तवा तुमास्नी ठावं हुतं."

"व्हय."

"ही पोटात राहिली तवा मी यांना म्हणलं, नको, पाडूया, मला जमणार न्हाय. तवाबी ठावं हुतं."

"व्हय, वैनीसाब."

"आन् रोज न्हाणीत मी विचारायची, तुमी सांगायचासा. केस दाट हुतं. मुठी आवळायचा." तिचा आवाज आता फाटला. "तेलाचं मी मनात धरत न्हाय, मावशी. ते आमीच घाला म्हणायचो, तुमास्नी काय म्हाईत. दोन वर्सांचं मात्र धरणार हाय मी. ते मला सोडता येणार न्हाय."

विठाबाईनं मान हलवली. संयोगिता आत गेली. जाताना तिनं दार लावलं नाही, नुसतं पुढं लोटलं, वारं यावं म्हणून.

विठाबाई कठड्याला धरून उठली. आत पोरगी भुकेनं रडायला लागली होती, चांगली खणखणीत. एरवी पोरगी अशी रडली की आतून लगेच "मावशी, बघा की जरा" अशी हाक यायची. ती सवयीनं जिन्यात दोन क्षण थांबली. हाक आली नाही, आणि पोरगी आईच्या हातात गप्प झाली.